तळ्याकाठची सात मिनिटं

१९९८ साली, मे महिन्यातल्या एका सोमवारी, सकाळी पावणेसात वाजता आम्ही तिघं एका परक्या शहरातल्या बागेत, तळ्याच्या काठी, केळीच्या पानावर भाताचा पिंड मांडून कावळ्याची वाट बघत होतो. मी, माझा मुलगा निरंजन आणि सून शलाका. माझ्या यजमानांचा दहावा होता.

"कुणी येतंय का बघ गं," निरंजन शलाकाला म्हणाला.

"माणूस की कावळा?"

"दोन्ही."

शलाका उठली, झाडाआडून पायवाटेच्या दोन्ही टोकांना नजर टाकून परत आली. "दोन्ही नाहीत," ती म्हणाली आणि माझ्याशेजारी उकिडवी बसली. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. पण परदेशात चौथं माणूस आणायचं कुठून? आणि मी घरी बसून राहिले असते तर निरंजनने पिंड मांडून, पाच मिनिटं थांबून, आवरून आणला असता. त्याला धाक होता. कायमच्या वास्तव्याचा त्याचा अर्ज सरकारदरबारी पडून होता आणि त्या शहरात पक्ष्यांना खाऊ घालणं गुन्हा होता.

शहराचं नाव मी सांगत नाही. निरंजन आता त्या शहराचा नागरिक आहे, आणि अशा गोष्टींनी त्याची झोप उडते. आपल्याकडून विमानाने साडेपाच तासांवर, चारी बाजूंनी समुद्र, बारा महिने सारखाच उकाडा, एवढं सांगितलं तरी पुरे.

आम्ही दोघं फेब्रुवारीत आलो होतो. हे, म्हणजे माझे यजमान श्रीधर गुमास्ते, कृष्णाकाठच्या आमच्या गावात नगरपालिकेचे सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. एकतीस वर्षं गटारं, उकिरडे आणि डासांच्या अळ्या यांच्यामागे फिरले. गल्लीतून सायकल निघाली की पोरं ओरडायची, "फिनेल आला, फिनेल आला!" हे सायकल थांबवून म्हणायचे, "आला ना? मग जा, हात धुऊन या."

असा माणूस त्या शहरात उतरला. पहिल्याच सकाळी फिरायला गेलो तर रस्त्याच्या कडेला एका जागी हे चक्क गुडघे टेकून बसले. मला वाटलं, चक्कर आली.

"अहो, काय झालं?"

"कुमुद, इकडे ये. वास घे."

"कसला?"

"गटाराचा. येतोय?"

मी वाकले. खाली सिमेंटचा कोरडा पन्हळ होता, वर जाळी. "नाही येत."

"नाहीच येणार!" हे म्हणाले, आणि मान वर केली तेव्हा डोळे भरलेले होते. "बघून घे. हे होऊ शकतं. मी एकतीस वर्षं सांगत होतो, हे होऊ शकतं."

मग रोजच सुरू झालं. खिशातल्या डायरीत टिपणं. दर किती पावलांवर कचऱ्याचा डबा, त्याचं झाकण पायाने उघडतं की हाताने, झाडूवाल्याच्या झाडूचा दांडा किती लांब. झाडूवाले दिसले की हे त्यांना हात वर करून नमस्कार करायचे. रस्ता मोकळा असला तरी माणसाचं हिरवं चित्र लागेपर्यंत काठावर उभे राहायचे आणि मला म्हणायचे, "शिस्त म्हणजे कुणी बघत नसताना थांबणं." मी म्हणायचे, "कुणी बघत नाही कशावरून? तो बघा कॅमेरा." त्यावर हे कॅमेऱ्यालाही नमस्कार करायचे.

एकदा लिफ्टमध्ये कागद लावलेला होता. 'या विभागात बुधवारी सकाळी सात ते दहा कावळे मारण्यात येतील. रहिवाशांनी खिडक्या बंद ठेवाव्यात. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' ह्यांनी तो दोनदा वाचला.

"बघ, क्षमस्वसुद्धा म्हटलंय."

"कावळ्यांना म्हटलंय का?" मी विचारलं.

हे हसले नाहीत. "कावळा घाण पसरवतो, कुमुद. उकिरडा नसला की कावळा नसतो. साधा हिशोब आहे."

मला शहर आवडलं नाही असं नाही. कुणालाही आवडेल. फुटपाथ धुतलेले, झाडं कातरलेली, बस सांगितलेल्या मिनिटाला दारात. पण दुसऱ्याच आठवड्यात मी कुंपणावरचं एक जास्वंदीचं फूल देवासाठी तोडलं, तर एक बाई माझ्यामागून चालत आली आणि हसून, हळू आवाजात काहीतरी सांगून गेली. शलाकाने मला मग समजावलं की फुलं तोडायची नसतात. बाई रागावली असती तर मी चार शब्द सुनावले तरी असते. ती हसली. तिथे सगळेच हसायचे. सकाळी लिफ्टमध्ये गुड मॉर्निंग म्हणायचे आणि आपापल्या मजल्यावर उतरून जायचे. गावी मी शिवणाचा क्लास घेत असे, चौदा मुली यायच्या. दारावरून जाणारा प्रत्येक माणूस "काय कुमुदकाकू?" म्हटल्याशिवाय पुढे सरकत नसे. या शहरात तीन महिन्यांत घरच्यांशिवाय कुणी मला नावाने हाक मारली नाही. माझ्या नावाला तिथे काही कामच नव्हतं.

मेअखेर परत जायचं, मशीनवरचं जुनं लुगडं काढायचं, जूनमध्ये नवा क्लास सुरू करायचा, हे मी मनाशी धरून होते.

एप्रिलच्या शेवटी एका रविवारी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि बाहेर बापलेकांचं बोलणं चाललं होतं.

"बाबा, तुम्ही दोघं इथेच राहिलात तर?" निरंजन म्हणत होता. "लांब मुदतीचा पास मिळतो पालकांना. मी फॉर्म आणलेत."

"मिळतो? मग भर की."

"पण आईला विचारायला हवं."

"तुझी आई माझ्या शब्दाबाहेर नाही. भर तू. मी वसंताला पत्र टाकतो, घराला गिऱ्हाईक बघ म्हणून."

वसंता म्हणजे ह्यांचा पुतण्या. मी तशीच कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच डायरीत डोकं घातलं. मी काही बोलले नाही. आणि मग बोललेच नाही.

पाच दिवस अबोला चालला. चाळीस वर्षांच्या संसारात एवढा लांबला नव्हता. "शलाका, बाबांना सांग, पान वाढलंय." "शलाका, आईंना सांग, आमटी फार छान झालीय." "शलाका, बाबांना सांग, ती कालचीच आहे." शलाका बिचारी मध्ये बसून एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे मान वळवायची. "मला पगार लावा," ती म्हणाली एकदा. हे मोठ्याने हसले. मी नाही हसले.

सहाव्या दिवशी सकाळी हे कॅनव्हासचे बूट घालून दारात उभे राहिले.

"कुमुद, येऊ का जाऊन?"

आपल्याकडे घरातून निघणारा 'येतो' म्हणतो आणि घरातलं माणूस 'या' म्हणतं. चाळीस वर्षांत मी एकदाही 'या' म्हणायची राहिले नव्हते. त्या दिवशी मी मेथी निवडत होते. मान वर केली नाही.

"येऊ ना?" हे पुन्हा म्हणाले. थोडे थांबले. मग दार हळू ओढून घेतल्याचा आवाज आला.

हे बागेतल्या बाकावर बसल्या बसल्या गेले. कुणीतरी पाहिलं, फोन केला, अ‍ॅम्ब्युलन्स इतक्या लवकर आली की बाकाशेजारी ठेवलेली पाण्याची बाटली अजून गार होती, असं निरंजन सांगत होता. डॉक्टर चांगले, नर्स चांगल्या, कागदपत्रं एका तासात तयार. दुसऱ्या दिवशी विद्युतदाहिनीत दुपारी अडीच ते सव्वातीन अशी आमची वेळ होती. तीन वाजून दहा मिनिटांनी एक माणूस आला आणि अदबीने म्हणाला, की पुढचं कुटुंब बाहेर थांबलं आहे. मला ओरडायचं होतं, पण ओरडावं असं त्याने काहीच केलेलं नव्हतं.

दहाव्याचं सगळं आमच्या गावच्या गुरुजींनी सांगितलं. त्यांच्या भाच्याच्या दुकानातून चार पानांचा फॅक्स आला. पहिल्या पानावर मंत्र, दुसऱ्यावर साहित्य, तिसऱ्यावर क्रम. निरंजन फोनवर सगळं विचारून घेत होता. "गुरुजी, बाल्कनीत चालेल का? अकराव्या मजल्यावर आहे."

गुरुजींचा आवाज फोनबाहेर मला ऐकू येत होता. "कावळा अकराव्या मजल्यावर कशाला येईल रे बाबा? त्याला लिफ्ट चालवता येते का? पाण्याजवळ, मोकळ्या जागी मांडा. आणि शिवला नाही तर मनातलं सांगा. गेलेल्या माणसाची जी इच्छा राहिली असेल, ती पुरी करतो म्हणून शब्द द्या. मोठ्याने द्या. ऐकतात ते."

ह्यांची कोणती इच्छा राहिली होती ते मला पक्कं ठाऊक होतं.

तर आम्ही बसलो होतो. निरंजनचं नुकतंच मुंडण केलेलं डोकं उजेडात कोवळं दिसत होतं. आदल्या शुक्रवारी त्याच्या ऑफिसातल्या रखवालदाराने त्याला ओळखपत्र दाखवूनही आत सोडायला वेळ लावला होता. त्याने फॅक्सचे कागद गुडघ्यावर धरून मंत्र म्हटले, अडखळत, बोटाने ओळ धरून. पिंडावर तीळ वाहिले, पाणी सोडलं. शलाकाने पानाच्या कडेला ह्यांच्या आवडीचं थोडं थोडं वाढलं होतं, अळूचं फदफदं, पुरण, आणि तिला अळूची पानं त्या शहरात कुठे मिळाली होती देव जाणे.

वीस मिनिटं झाली. तळ्यावर एक पान हललं नाही. पाणीसुद्धा इस्त्री केल्यासारखं.

"बाजारामागे असायचे थोडे," शलाका कुजबुजली. "पण मागच्या महिन्यात..."

"माहीत आहे," मी म्हटलं.

तेवढ्यात पायवाटेवर बुटांचा आवाज आला आणि निरंजन ताडकन उठून पानाच्या पुढे उभा राहिला, जसं काही त्याच्या दोन पायांआड ते लपणार होतं.

बागेची देखरेख करणारी अधिकारी होती. चाळिशीची, सावळी, खाकी गणवेश, कमरेला वायरलेस. छातीवर पट्टी होती. सेल्वी.

"गुड मॉर्निंग, सर. हे तुमचं आहे?"

"हो. आम्ही लगेच आवरतो."

"पक्ष्यांना खाऊ घालायला बंदी आहे, सर. त्या बोर्डावर लिहिलं आहे."

"आम्ही पक्ष्यांना नाही घालत," निरंजन घाईने म्हणाला. "म्हणजे... एकाच पक्ष्याला. एकदाच. माझ्या वडिलांसाठी आहे."

"वडील कुठे आहेत?"

निरंजनने मागच्या पानाकडे हात केला. सेल्वीने त्याचं डोकं पाहिलं, मग पान पाहिलं, मग मला. तिचा चेहरा बदलला. तिने टोपी काढली.

"माझ्या आजोबांच्या वेळी आम्हीही केलं होतं," ती म्हणाली. शलाका मला हळू आवाजात एकेक वाक्य सांगत होती. "पण आता त्यासाठी जागा नेमून दिली आहे. देवळाच्या मागे. तिथे परवानगी आहे. नोंदणी करावी लागते, चार दिवस आधी."

"आम्हाला माहीत नव्हतं," निरंजन म्हणाला.

"मी विचारून बघते." तिने खरंच वायरलेसवर विचारलं. उत्तर आलं. "गुरुवारी सकाळी एक वेळ मोकळी आहे."

"गुरुवारी तेरावा आहे," मी मराठीत म्हटलं. "तेराव्याला काय करू तिथे?"

तिला भाषा कळली नाही, पण अर्थ कळला असावा. "आय अ‍ॅम सॉरी, आंटी. नियम मी केलेला नाही."

ही तिची चूक नव्हती. निरंजनचीही नव्हती. ह्यांनी स्वतः आमच्या घाटावर अशीच किती पानं उचलायला लावली होती. उरलेला भात सडतो, माशा होतात, म्हणून लोकांशी भांडले होते. लोकही भांडायचे, शिव्या द्यायचे, पानं तिथेच ठेवून निघून जायचे. पण इथे भांडायला माणूसच नव्हतं. समोर टोपी हातात घेतलेली एक भली बाई होती.

तिने घड्याळ बघितलं. मग तळ्याच्या पलीकडच्या टोकाकडे हात केला. "माझी फेरी त्या पुलापर्यंत असते. जाऊन यायला सात मिनिटं लागतात. मी परत येईन तेव्हा इथे काही दिसलं तर मला लिहावं लागेल."

ती निघून गेली.

"सात मिनिटं," निरंजन म्हणाला. "आवरू या, आई."

"ती आवरा म्हणाली का? ती सात मिनिटं म्हणाली."

आणि तेव्हाच शलाकाने माझ्या दंडाला धरलं. "आई. दिव्याच्या खांबावर."

कावळा होता. एकच. बारका, मान करडी नसलेला, आपल्याकडच्यापेक्षा जास्त काळा. खांबावरून तो खाली काठाच्या कठड्यावर आला आणि मान तिरपी करून पानाकडे बघू लागला. आम्ही तिघंही श्वास धरून मागे सरकलो.

निरंजनने हात जोडले. "बाबा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज लहानपणी पडायचा तसा पडला, "आईला मी सांभाळीन. काही कमी पडू देणार नाही."

कावळ्याने एक उडी मारली. थांबला.

"बाबा, तुमची डायरी मी नीट ठेवली आहे," शलाका म्हणाली. "आणि आईंची कधी गैरसोय होणार नाही. मी त्यांना आईसारखंच बघेन."

कावळ्याने चोच कठड्यावर घासली. पुढे नाही आला.

"वसंतदादाला मदत करीन," निरंजन म्हणाला. "आपल्या गावात तुमच्या नावाने... शाळेत पाण्याची टाकी बांधून देईन. बाबा, या ना. या."

कावळा पानापासून हातभर अंतरावर आला. पिंडाकडे बघितलं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. आणि पुन्हा दोन पावलं मागे गेला.

"किती झाली?" निरंजनने विचारलं.

"चार," शलाका म्हणाली. "आई, तुम्ही बोला ना. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

पाच दिवस बोलले नव्हते. सहाव्या सकाळी एका अक्षराचं उत्तर दिलं नव्हतं. आता बोलायचं होतं, तर एकच वाक्य होतं, आणि त्या वाक्याला माझं घर, माझं मशीन, चौदा मुली, दारावरून जाणारी माणसं, सगळं लागत होतं. मी मनात म्हटलं, अहो, दुसरं काहीही मागा. कावळा गळ्यातून बारीक आवाज काढत उभा होता. मी म्हटलं, चुकले मी, तुम्हाला 'या' म्हणायला हवं होतं, पण तेवढ्याने भागवून घ्या. तो हलला नाही.

पुलाकडून बुटांचा आवाज यायला लागला.

"आई, आली ती," निरंजन म्हणाला. "आई, प्लीज."

"मी राहते," मी म्हटलं. मोठ्याने. गुरुजींनी सांगितलं होतं म्हणून मोठ्याने. "मी इथेच राहते. परत जात नाही."

कावळा पुढे आला. मी शपथेवर सांगते, पुढे आला. पानाच्या हिरव्या कडेवर त्याचा एक पाय पडला. चोच खाली गेली.

आणि सेल्वीच्या कमरेचा वायरलेस खरखरला. कुणीतरी तिला काहीतरी विचारत होतं, बहुतेक अगदी साधं, बागेचं दुसरं दार उघडलं का वगैरे. कावळा उडाला. तळ्यावरून सरळ रेषेत पलीकडे गेला आणि झाडांत दिसेनासा झाला.

शिवला की नाही? निरंजन म्हणाला, शिवला. शलाका म्हणाली, तिला नीट दिसलं नाही. मी पिंड पाहिला. शीत हललेलं नव्हतं.

सेल्वी थोडी दूर थांबली. "आय अ‍ॅम सॉरी," ती म्हणाली. तिने खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली, स्वतःच्या हातांनी तोंड उघडून धरली, आणि निरंजनने पिंड, पुरण, अळूचं फदफदं, पान, सगळं त्यात भरलं. काठावर सांडलेले तीळ तिने बुटाने पाण्यात लोटले. मग निरंजनचं नाव लिहून घेतलं. पिशवी जवळच्या डब्यात गेली. झाकण पायाने उघडणारं होतं.

मी अजून तळ्यापलीकडच्या झाडांकडे बघत होते. निरंजनने माझे दोन्ही हात हातात घेतले. त्याचे डोळे वाहत होते.

"आई, तू खरंच राहशील? मला वाटलं होतं, तू कधीच नाही म्हणणार... म्हणजे, तू कधीच हो म्हणणार नाहीस."

मी त्याच्याकडे पाहिलं. ते वाक्य मी त्याला म्हटलंच नव्हतं. ज्याला म्हटलं त्याने ऐकलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता, आणि ज्याला म्हटलं नव्हतं त्याने नीट ऐकलं होतं. त्या घटकेला मी तसं सांगू शकले असते. मी गप्प बसले. आमच्या घरात बाईमाणसाचं गप्प बसणं म्हणजे होकार, असंच धरतात.

घरी आल्यावर फॅक्सच्या चौथ्या पानाप्रमाणे निरंजनने दर्भाचा कावळा केला आणि बाल्कनीत नव्या पिंडाला शिववला. एका क्षणात झालं.

चार दिवसांनी टपालाने निरंजनच्या नावावर लेखी ताकीद आली. खाली छापलं होतं, सहकार्याबद्दल आभार. त्याचा अर्ज त्या ताकिदीमुळे अडला नाही. वर्षभरात मंजूर झाला. जूनमध्ये तो अस्थी घेऊन कृष्णेला एकटाच गेला. माझा पास बदलायला दिला होता, पासपोर्ट पासाच्या सरकारी कचेरीत होता, आणि तो परत मिळेपर्यंत मला शहर सोडता येत नव्हतं. खिडकीवरच्या मुलीने फार समजुतीने सांगितलं.

घराला वसंताने २००१ साली गिऱ्हाईक पाहिलं. तिथे आता तीन मजली इमारत आहे आणि खाली चष्म्याचं दुकान, असं ऐकते. वसंताही गेला, करोनात. शिवणाचं मशीन त्याने माझ्या क्लासमधल्या सुनंदा कोष्टीला दिलं होतं. तिने पुढे सहा मशीनं घेतली. तिचं दिवाळीला पत्र यायचं, आता फोनवर चित्र येतं. सेल्वी मला बागेत पुढे कितीतरी वर्षं भेटत राहिली. 'आंटी' म्हणून हात हलवायची. मग तिची दुसऱ्या बागेत बदली झाली. शलाका तिच्या बँकेत मोठी अधिकारी होऊन निवृत्त झाली. तिने माझी एका दिवसाचीही गैरसोय होऊ दिलेली नाही, हे मी कुणापुढेही सांगेन. ह्यांची डायरी तिच्या कपाटात आहे. गावच्या शाळेत पाण्याची टाकी झाली, तिच्यावर ह्यांचं नाव आहे.

निरंजनचं मुंडण केलेलं डोकं आता तसंही मोकळंच झालं आहे. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तो माझी ओळख करून देतो तेव्हा नेहमी सांगतो, आईने बाबांच्या दहाव्याला आम्हाला शब्द दिला आणि पाळला. लोक माझ्याकडे आदराने बघतात. मी मान हलवते.

माझा पास दर वर्षी नवा करावा लागतो. आतापर्यंत सव्वीस वेळा झाला. त्या फॉर्मात एक रकाना असतो, इथे राहण्याचं कारण. निरंजन माझ्याऐवजी स्वच्छ अक्षरात लिहितो, 'स्वेच्छेने, मुलाजवळ.' मग कागद माझ्यापुढे सरकवतो, आणि तो बोट ठेवतो तिथे मी सही करते.